मेलेलं झाड आधी

आमच्या सेक्टरच्या बागकाम मंडळात बोलायला उभं राहायचं असेल, तर आधी टेबलावर मेलेलं झाड ठेवावं लागे. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. भिलाईत मात्र कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण ती रीत कारखान्यातूनच आली होती. कारखान्यात मशीन बंद पडलं की आधी तुटलेला भाग साहेबांच्या टेबलावर जायचा. दात गेलेलं गिअर असो की जळून काळं पडलेलं बेअरिंग, ते समोर आल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. मंडळाचे अध्यक्ष ब्लास्ट फर्नेसवरचे इंजिनियर होते. त्यांनी तीच शिस्त रविवारच्या बैठकीला लावली.

मला ती पहिल्या दिवसापासून पटली नाही. मी तुमसरच्या बाजारात भाजी विकून मोठा झालो. टोपलीत किडकं वांगं वर मांडणारा माणूस मी त्या बाजारात पाहिला नाही, आणि पाहिला असता तर तो पुढच्या बाजाराला दिसला नसता. चांगला माल वर, बाकीचा घरी, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. पण मंडळात बहुतेक पगारदार माणसं होती. माल घेऊन ती कधी बाजारात बसलेली नव्हती.

भिलाईची जमीन ज्यांनी तेव्हा पाहिली नाही त्यांना हे मंडळ का निघालं ते कळणार नाही. आमचे क्वार्टर भाट्यावर बांधले होते. भाटा म्हणजे लाल मुरूम, वर हातभर आणि खाली त्याहून कडक. पहार मारली की ठिणगी उडायची. नळाचं पाणी टाकलं की ते वरच साचायचं आणि दुपारी सूर्य ते पिऊन टाकायचा. चिमण्यांचा धूर दिसायला लागला होता, रशियन लोकांच्या गाड्या धूळ उडवत जात होत्या, रोज नवीन रस्ता पडत होता, पण अख्ख्या सेक्टरमध्ये सावलीला उभं राहावं असं एक झाड नव्हतं. बायका तारेवर वाळत घातलेले कपडे लालसर होऊनच घरात घ्यायच्या.

त्यामुळं ज्याच्या त्याच्या परसात काहीतरी मरत होतं, आणि जो तो आपल्या गावचं शहाणपण सांगत होता. केरळचा एक टायपिस्ट नारळाच्या खड्ड्यात मीठ घालायला सांगायचा. पंजाबचा वेल्डर मुळा कोणत्या महिन्यात पेरायचा ते छातीठोक सांगायचा, आणि त्याचा महिना इथं उन्हाळ्यात पडायचा. अध्यक्षांनी तर कंपोस्टचा खड्डा भट्टीसारखा भरला होता. एक थर पाला, एक थर शेण, एक थर अहिवाऱ्याकडून आलेल्या चुनखडीची भुकटी, पुन्हा पाला. भट्टीत चुना टाकला की मळ सुटून वर येतो, म्हणून खड्ड्यातही येईल असा त्यांचा हिशोब. खड्ड्यातून असा वास सुटला की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. पुढच्या रविवारी त्यांनी तो खड्डाच, म्हणजे त्यातलं घमेलंभर, टेबलावर आणून ठेवला आणि आपली चूक सगळ्यांना समजावून सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. खत बिघडवलं म्हणून टाळ्या मिळालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

तरी मी जात राहिलो, आणि का जात राहिलो ते सांगायला हवं. पाण्याच्या टाकीमागं एक मोकळा तुकडा होता. टाउनशिपच्या ऑफिसनं तो मंडळाला रोपवाटिकेसाठी द्यायचं कबूल केलं होतं. त्यात नळ होता आणि खोदकामातून निघालेली बरी माती तिथं पडली होती. मंडळातला एक जण त्याची राखण करणार, रोपं तयार करून सभासदांना देणार, आणि उरलेल्या जागेत स्वतःचं पीक घेणार, असं ठरलं होतं. कोणाला द्यायचं ते बैठकीत बोलणं ऐकून ठरणार होतं.

मला तो तुकडा हवा होता. आमच्या घरी वाटणी झाली तेव्हा वावर थोरल्यांना गेलं आणि माझ्या वाट्याला बैलगाडी आली, बैल नसलेली. मी ती विकली, बाजारात बसलो, मग भिलाईला रोजंदारीच्या मस्टरवर मजूर म्हणून लागलो आणि फिटरपर्यंत आलो, कुणाच्या चिठ्ठीशिवाय. पण पायाखाली स्वतःच्या मेहनतीची माती असावी ही भूक राहिली. क्वार्टरमागची जागा चटईएवढी. तिच्यावर मी जे करून दाखवलं होतं ते कुणाच्याच परसात नव्हतं.

ते म्हणजे माझी वांगी. आमच्या गावाकडचं काटेरी वांगं, देठावर काटे, पानाच्या शिरेवर काटे, चिरताना हात जपावा लागतो असं. बी माझ्याजवळच होतं. जुनवानीच्या एका गाडीवानाकडून मी काळी कन्हार माती आणवली. त्यानं गाडी अर्धी भरून आणली की मी ती परत पाठवायचो. शेवटी वैतागून तो गाडी शिगोशीग भरून आणायला लागला. मुरूम फोडून, खड्डे करून त्यात ती माती भरली, आधी टमाटे घेतले आणि मग वांगी लावली.

पहिल्या वर्षी ती मेली. हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. आदल्या हंगामात तिथं टमाटे होते. वांग्याची झाडं गुडघ्यापर्यंत आली, आणि एका दुपारी हिरवीगार पानं घेऊन माना टाकून उभी राहिली. माती ओली होती, कीड नव्हती. आमच्याकडं याला मर लागणं म्हणतात. मी ती झाडं सकाळी भोंगा व्हायच्या आत उपटून टाकली आणि खड्डे झाकून घेतले. एक फांदी बायकोनं जगते का बघू म्हणून काचेच्या ग्लासात ठेवली होती. थोड्या वेळानं तिनं मला बोलावलं. फांदीच्या कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा पाण्यात खाली उतरत होता.

"अजी, हे झाड आजारी होतं," ती म्हणाली. "पान्यानं नाही मेलं."

मी मग टमाट्याच्या जागेवरची माती सोडून दिली, वाफा पार दुसऱ्या कोपऱ्यात हलवला, आणि पुढच्या वर्षी वांगी अशी लागली की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. टमाट्यामागं वांगं लावायचं नाही, आणि मर लागली की नाही हे ग्लासात बघायचं, या दोन गोष्टी मला ठाऊक झाल्या. मंडळात त्या कुणालाच ठाऊक नव्हत्या. माझ्या मते हा माझा माल होता, आणि योग्य गिऱ्हाईक येईपर्यंत तो झाकून ठेवायचा माझा हक्क होता.

दसऱ्याच्या आधी माझी बोलायची पाळी आली. वांगी मी निवडून ठेवली होती. अडचण फक्त मेलेल्या झाडाची होती. माझ्या वाफ्यात त्या घडीला एकही मेलेलं झाड नव्हतं, आणि दोन वर्षांपूर्वी उपटलेलं कुठून आणणार?

शेजारी आमच्याकडचाच माणूस राहायचा, क्रेन ऑपरेटर. नागपूरच्या दीक्षेला जाऊन आलेलं घर. आमच्या दोघांच्या परसांमध्ये कमरेएवढी भिंत होती आणि आमचं सगळं बोलणं तिच्यावरूनच व्हायचं. त्याची वांगी त्याच आठवड्यात वाळली होती. मी त्याला एक झाड मागितलं.

"मेलेलं झाड कावून पायजे तुले?" तो म्हणाला. "घरी नवस फेडून राहिला का?"

मी कारण सांगितलं. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, फुकट नाही देणार, तुझ्यापासूनच शिकलो आहे. मेलेल्या झाडाच्या बदल्यात त्याला माझी काटेरी वांग्याची रोपं हवी होती. मी ती कुणालाच देत नसे. आम्ही भिंतीवरून पुष्कळ घासाघीस केली आणि शेवटी वाफाभर रोपांवर सौदा पटला. वाळलेल्या झाडाला इतकी किंमत मी आयुष्यात पुन्हा दिली नाही.

रविवारी शाळेच्या अर्धवट बांधलेल्या व्हरांड्यात मंडळ बसलं. मी ताटात वांगी मांडली, शेजारी ते वाळलेलं झाड ठेवलं, आणि बोलायला लागलो. मुरूम कसा फोडायचा, खड्डा किती रुंद घ्यायचा, कन्हार माती नवी असताना कशी भेगाळते आणि तिच्यात राख किती घालायची, हे सगळं सांगितलं. लोक ऐकत होते. टायपिस्ट लिहून घेत होता. मग मी मेलेल्या झाडाकडं बोट केलं आणि म्हणालो की हे पाणी साचून मेलं.

अध्यक्षांनी ते झाड उचललं. त्यांना मशीनचा भाग उलटून पालटून बघायची सवय होती. त्यांनी देठावरून अंगठा फिरवला, मग ताटातल्या वांग्याच्या देठावरून फिरवला, आणि बोट झटकन मागं घेतलं.

"इसमें काँटा है," ते म्हणाले. "मरे हुए में नहीं है. यह आपका पेड़ ही नहीं है."

सगळे हसले. दुष्टपणानं नाही, पण हसले. वेल्डर म्हणाला की भाई साहब मुर्दा भी किराये पर लाए हैं, तेव्हा पुन्हा हसले. माझा शेजारी मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

मला राग पटकन येतो हे कारखान्यातल्या आमच्या सगळ्या शॉपला माहीत आहे. मी ताट उचललं आणि म्हणालो की माझी झाडं मरत नाहीत म्हणून मला शिक्षा का? ज्याचं सगळं मरतं तो इथं पंडित, आणि ज्याचं जगतं त्यानं मुर्दा शोधत फिरायचं? हा न्याय मी कुठल्याच बाजारात पाहिला नाही. अध्यक्ष शांतपणे म्हणाले की बसा, झाड मरणं गुन्हा नाही. मी बसलो नाही. वांगी घेऊन घरी आलो.

आजही मला वाटतं की त्या दिवशी माझ्यावर अन्याय झाला. मी सांगितलेलं मातीचं सगळं खरं होतं. त्यातल्या कितीतरी जणांनी नंतर तसेच खड्डे केले आणि त्यांच्याकडं भाजी लागली. एका देठावर काटा नव्हता म्हणून बाकीचं बोलणं फुकट गेलं.

दिवाळी झाली आणि शेजाऱ्याला दिलेली माझी रोपं मान टाकायला लागली. मी भिंतीवरून रोज बघत होतो. त्यानं ती टमाट्याच्याच जागेवर लावली होती. त्यानं विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. सौदा रोपांचा झाला होता. तो सकाळी पाणी घालायचा, संध्याकाळी घालायचा, त्याची बायको त्याला शिफ्टचा डबा करून दिला की आमच्या घरी येऊन विचारायची की वैनी, तुमच्या घरी असं होते का. माझी बायको माझ्याकडं बघायची.

एका सकाळी तो भिंतीशी आला. हातात उपटलेलं झाड होतं, देठावर काटे असलेलं.

"आता हे तर तुयंच झाड हाये," तो म्हणाला. "हे कावून मेलं ते तुले मालूम हाये. खरं सांग."

मी म्हणालो, मला काय माहीत. तेवढ्यात माझी बायको आतून पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आली. त्याच्या हातातलं झाड घेतलं, विळ्यानं देठ कापला, आणि टोक पाण्यात धरलं. पांढरा धागा खाली उतरला. मग मला सांगावंच लागलं. टमाट्याचं सांगितलं, पहिल्या वर्षीचं सांगितलं, वाफा हलवल्याचं सांगितलं. तो ग्लासाकडं बघत सगळं ऐकत होता.

"बस, एवढंच होतं?" तो म्हणाला. "एवढ्यासाठी माया अख्खा वाफा मेला?"

मी म्हणालो की ज्ञान फुकट मिळत नाही.

"मेलेलं झाड पण फुकट नाही भेटत म्हनते," तो म्हणाला आणि ग्लास घेऊन घरात गेला. ग्लास आमचा होता.

पुढच्या बैठकीत तो बोलायला उभा राहिला. टेबलावर त्यानं एक नाही, अख्खा वाफा मांडला होता, सगळी सुकलेली झाडं, मुळांची माती तशीच. काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, देठ कापून धरला, आणि एकेकाला जवळ बोलावून तो धागा दाखवला. बायका पुढं आल्या, मुलं पुढं आली. त्याला हिंदी फार येत नव्हती. जे येत होतं त्यात त्यानं सांगितलं की टमाट्याच्या जागेवर वांगं लावू नका, मी लावलं आणि हे झालं. शेवटी तो म्हणाला, "ये मेरा अकल नहीं. बाजूवाले भाऊ ने बताया." आणि माझ्याकडं हात केला.

लोकांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. मग पुन्हा पुढं वळून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

टाकीमागचा तुकडा त्याला मिळाला. हात वर करून ठरलं. विरोधात माझा एकट्याचा हात होता, आणि तो मी मुद्दाम उंच धरला. चोरी केली असती तर मला भांडता आलं असतं. त्यानं तर माझं नाव घेतलं होतं. माझं ज्ञान, माझं बी, माझ्या घरचा ग्लास, आणि जमीन त्याची.

बरेच दिवस आम्ही भिंतीवरून बोललो नाही. बायका बोलत होत्या. नळाला पाणी आलं आणि तो परसात आला की मी आत जायचो, तो शिफ्टवरून आला की मागचं दार लावायचो. एका रविवारी मंडळाच्या वेळेला मी घरीच बसलेला बघून तो सरळ पुढच्या दारानं आला. आमच्या घरी तो पुढच्या दारानं पहिल्यांदाच आला. बायकोनं चहा ठेवला.

तो म्हणाला की तुकडा मोठा आहे, एकट्याच्यानं होत नाही, शिफ्ट सांभाळून तर नाहीच. अर्धा तू कर.

मी विचारलं, नळाकडचा अर्धा?

"नळाकडचा माया."

मी म्हणालो मग नको. नळाशिवायची जमीन म्हणजे बैलांशिवायची गाडी, एकदा घेतली आहे मी तशी. बी माझं, अक्कल माझी, नळ तरी माझ्याकडं पाहिजे. मी म्हणालो की तिथं तुझी निवड झाली ती माझ्या जोरावर झाली, हे तुलाही माहीत आहे. आवाज चढला असणार, कारण बायको चहा घेऊन दारात थांबली.

तो रागावला नाही. कप घेतला, बशीत ओतून प्यायला, आणि म्हणाला, "तुया बापाचं वावर होतं, तुले नाही भेटलं म्हनून तू जळते. माया बापानं सारा जन्म दुसऱ्याच्या वावरात काढला. मले पहिल्यांदा भेटली जमीन. त्याच्यातली अर्धी तुले देऊन राहिलो. नळ नाही देनार."

सौद्यात समोरचा जेव्हा आपली खरी किंमत सांगून मोकळा होतो तेव्हा पुढं ओढायला काही उरत नाही. मी म्हणालो, पाट मी काढीन, नळापासून माझ्या बाजूपर्यंत, आणि तो तू बुजवायचा नाहीस.

"काढ ना," तो म्हणाला. "कोन अडवून राहिलं."

तुकड्याच्या मधोमध आम्ही दोघांनी मिळून धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातला. दोरी मी धरली, कारण तो डोळ्यानं मापत होता आणि त्याचा डोळा त्याच्याच बाजूला झुकत होता. धुऱ्याच्या जाडीवरून आमचं दुपारपर्यंत वाजलं. त्याचं म्हणणं दोन पावलं जाता यावीत एवढा हवा, माझं म्हणणं तेवढ्यात मिरचीची एक ओळ होते. शेवटी धुरा अरुंद झाला आणि त्याच्यावर त्यानं त्याच्या बाजूनं, मी माझ्या बाजूनं तूर लावली.

त्या जमिनीत मी पुढं बरीच वर्षं पीक काढलं. मंडळाच्या कागदावर राखणदार म्हणून तोच राहिला, माझं नाव कधी चढलं नाही, आणि मी ते चढवा म्हणून पुन्हा मागितलंही नाही. बैठकीलाही मी परत गेलो नाही. अध्यक्षांची बदली झाली तेव्हा ते निरोप घ्यायला टाकीमागं आले होते. वांग्यांपाशी उभे राहून त्यांनी विचारलं की ही कोणाची. शेजारी पलीकडून माती उकरत होता. तो मान वर न करता म्हणाला, "हमारी है, साहब."

मी त्यांना धुरा दाखवला आणि कुठपर्यंत माझी ते सांगितलं.